राहिलेले दोन टेंपर

दाजी, तुम्ही जाऊन आज पंधरा दिवस झाले. माणसं अजून येतात, तुमच्या फोटोसमोर हात जोडतात, चहा घेतात आणि जाताना मला म्हणतात, "लई सरळ माणूस होता." मी मान हलवतो. पण सरळ माणसाची मला पहिल्यापासून धास्ती आहे. वाकडा माणूस कुठं वाकतो ते निदान दिसतं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, आणि तुमच्या पोटात काय आहे याचा मला कधी थांग लागला नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तुम्ही मोटारसायकल काढून साखर कारखान्यावर गेलात. दुपारी परत आलात, हातपाय धुतले, जेवलात. तिथल्या फोरमनला काय सांगून आलात ते तुम्ही बोलला नाहीत, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवून होतो. आता तुम्हीच नाही, तर नजर कुठं ठेवावी ते कळत नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझा स्वभाव तुम्हाला काही नवा नव्हता. माझ्या अक्काचं तुमच्याशी लग्न जमत होतं तेव्हा मी धर्मापुरीला जाऊन तुमची चौकशी करून आलो होतो. देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, किराणा दुकानदाराला विचारलं, तुमच्या शेजाऱ्याला तर दोनदा विचारलं. कुणी एक वाईट शब्द काढला नाही. घरी येऊन मी वडिलांना म्हणालो, "सगळं गाव एकच बोलतंय, म्हंजी पढवलेलं हाय." वडिलांनी मला गप्प केलं आणि लग्न झालं.

मग काही वर्षांनी तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून अक्काला आणि पोरांना घेऊन केजला आलात. एका मोठ्या टूलरूममध्ये हत्यारं कडक करायच्या खात्यात तुमचं बस्तान बसलेलं होतं. असा माणूस चांगलं चाललेलं टाकून इथं येतो कावून? मी तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, "आई थकली, दत्ता. पुण्याहून धर्मापुरी लांब पडतंय." इतकं साधं उत्तर मला पटणं शक्यच नव्हतं. काढून टाकलं असणार, कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी बायकोला सांगून ठेवलं. तुम्ही दर रविवारी एसटीनं आईकडे जाताना मला दिसत होतात. तरी मी मत बदललं नाही.

माझ्या लेथच्या दुकानामागं पत्र्याची एक खोली रिकामी होती. तिथं तुम्ही दोन जुन्या विजेच्या भट्ट्या आणून बसवल्या. एक बाराशे अंशांच्या वर जाणारी, हत्यार कडक करायची. दुसरी साडेपाचशेच्या आसपास चालणारी, टेंपरची, म्हणजे कडक झालेलं हत्यार परत कमी आचेवर ठेवायची. माझ्याकडं रसवंतीचे गिअर यायचे, कडबाकुट्टीची कामं यायची. ती करायला लेथवर लागणारी, लोखंड कापणारी हायस्पीड स्टीलची हत्यारं तुम्ही करून द्यायचे. दुकानाला त्यामुळं बरे दिवस आले. तेही मला खटकत होतं.

खोलीची एकुलती एक खिडकी तुम्ही आधी बुजवून टाकलीत. दारावर घोंगडं टांगलंत. मोठी भट्टी तापली की आत कुणी यायचं नाही असा नियम. लपवायचं काही नसेल तर घोंगडं कशाला? एकदा मी ते बाजूला सारून डोकावलो. भर दुपारी आत अंधार, तुम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे, आणि तुमचे ओठ हलत होते.

"घोंगडं सोड बे, उजेड येतोय," तुम्ही मागं न बघता म्हणालात.

संध्याकाळी तुम्ही मला समजावून सांगितलंत. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात खोटा दिसतो, अंधारात खरा कळतो, आणि जुन्या भट्टीच्या तापमानाच्या काट्यावर तुमचा विश्वास नव्हता. हत्यार आधी हळूहळू ऊब देत आणायचं, मग बाराशेच्या पुढं काही मिनिटंच ठेवायचं. कमी पडलं तर कडक होत नाही. जास्त झालं तर आतला दाणा जाड होतो आणि हत्यार विटेसारखं तुटतं. तुमचे ओठ हलत होते ते सेकंद मोजत होतात. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो, मंत्रच असणार.

तो कोयतेवाला आठवतो का? टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधीचे दिवस होते. नेकनूरचा एक गडी आला. तुमच्याकडं न बोथटणारं लोखंड आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"दाजी, मला त्या लोखंडाचा कोयता करून द्या. शीजनभर धार लावायची पाळी न्हाई आली पायजे."

"न्हाई देत," तुम्ही म्हणालात. "हे लोखंड तापलं तरी धार सोडत न्हाई. पर दणका सोसत न्हाई. ऊस तोडताना कोयता दगडावर बसतो. तुकडा उडून तुमच्याच मांडीत घुसल. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचाच कोयता बरा तुमाला."

आलेलं गिऱ्हाईक असं कुणी परत लावतं का? माझ्या देखत नाही म्हणायचं आणि मागून बोलावून करून द्यायचं, असा तुमचा बेत असणार हे मी ओळखलं. आठ दिवस मी त्या गड्याची वाट राखली. तो आला नाही. पुढं बाजारात भेटला तेव्हा त्याच्या हातात पाट्याचाच कोयता होता.

पण आपलं खरं भांडण टेंपरचं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. पाणी चढवलेलं, म्हणजे कडक केलेलं हत्यार परत आगीत घातलं की पाणी उतरतं, हे केजच्या बाजारात कुठल्याही लोहाराला विचारा. जराशी ऊब देणं वेगळं. तुम्ही तर कडक झालेलं हत्यार साडेपाचशे अंशांवर दोन दोन तास ठेवायचे, आणि ते एकदा नाही, तीनदा. मी म्हणायचो, "एवढं कडक केलेलं परत मऊ कावून करताव?" आणि तुम्ही न कंटाळता सांगायचे.

"साधं लोखंड तितक्या आचंत मरतं, दत्ता, तुझं खरं हाय. ह्याच्यात टंगस्टन हाय, मॉलिब्डेनम हाय. हे तितक्या आचंत आनिक कडक होतं. आन दुसरं आसं, की तापवून तेलात बुडवलं म्हणून सगळं लोखंड एकदम बदलत न्हाई. थोडं आत तसंच दडून ऱ्हातं. पहिल्या टेंपरनंतर गार होताना ते दडलेलं बदलतं, पर कच्चं, ठिसूळ. त्याला पिकवायला दुसरा टेंपर. उरल्यासुरल्यासाठी तिसरा. मधी हाताला गार लागूस्तोवर थांबायचं. घाई केली की गेलं."

एकदा तुम्ही माझ्या हातात कानस दिलीत. तीनदा टेंपर झालेल्या हत्यारावर मी ती घासली. कानस घसरली, ओरखडा नाही. मी कानस उजेडात धरून बघितली आणि म्हणालो, "हिचेच दात गेलेत." तुम्ही इतके हसलात की स्टुलावर बसावं लागलं तुम्हाला. मी मात्र रागात होतो.

तुम्ही मला ठिणग्या ओळखायला शिकवलंत, तेही सांगायला हवं. एमरीच्या फिरत्या चाकावर साधं लोखंड धरलं की ठिणगी पांढरी, फुलबाजीसारखी फुटते. हायस्पीडची तांबडी, बारीक, तुटक, न फुटता विझून जाते. त्यानंतर बाजारातून आलेलं प्रत्येक टूल मी एमरीवर धरून बघायला लागलो. दोन दुकानदारांशी त्यावरून वाद घातला, दोन्ही वेळेला मीच खरा निघालो. संशयी माणसाला एवढी कामाची विद्या दुसरी कुणी दिली नसती. तुमचे आभार तेव्हा मानले नव्हते, आज मानतो.

आता ती गोष्ट. कारखाना पावसाळ्यात बंद असतो तेव्हा उसाचे मोठमोठे रोलर लेथवर चढवून त्यांच्या झिजलेल्या खाचा परत पाडतात. फोरमननं त्यासाठी सहा हत्यारं मागितली. बिडाचा रोलर, त्यात मधेच येणारे दणके, म्हणजे हत्याराची परीक्षाच. ही सहा चालली तर दरवर्षीचं काम आपल्याकडं. तुम्ही फोरमनशी फोनवर बोलायचे आणि मी जवळ आलो की तुमचा आवाज खाली यायचा. तुम्ही सगळ्यांशीच फोनवर हळू बोलायचे, पण ते मला त्या दिवसांत आठवलं नाही. मला एवढंच दिसलं की काम माझ्या दुकानातून जातंय आणि बोलणं तुमचं होतंय.

सहाही हत्यारं कडक करून पहिला टेंपर झाला, आणि धर्मापुरीहून फोन आला की तुमची आई पडली. अक्काला पोरांच्या परीक्षेमुळं निघता येत नव्हतं. तुम्ही एकटेच निघालात.

"पहिला टेंपर झालाय. गार होऊ दे. उद्या सकाळी दुसरा दे, हाताला गार लागली की तिसरा. भट्टीचा काटा लावून ठेवलाय, हात लावू नकू. टाइम तेवढा दारावर खडूनं लिहीत जा," तुम्ही म्हणालात. "तुझ्या भरवशावर चाललो, दत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक हत्यार उचललं आणि कानस लावली. नवी कानस, दात शाबूत. घसरली. हत्यार झकास कडक होतं. संध्याकाळी फोरमनचा माणूस न्यायला येणार होता. मी तसाच उभा राहिलो. आता कडक आहेत, दोनदा भट्टीत घालून मऊ पडली तर नाव माझ्या दुकानाचं जाणार. आणि मग ते दुसरं मनात आलं, जे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. माझ्या हातून बिघडावीत म्हणूनच तर दाजी माझ्यावर सोपवून गेले नसतील? मग कारखान्याला सांगायला मोकळे, मेव्हण्यानं घोळ केला, इथून पुढं काम थेट मला द्या. तुमची आई दवाखान्यात होती, आणि मी भट्टीपुढं उभा राहून तुमच्याबद्दल हा विचार करत होतो.

भट्टी मी चालूच केली नाही. अकरा वाजताच नेकनूरला कडबाकुट्टीचं पातं बसवायला निघून गेलो. संध्याकाळी आल्यावर दारावर खडूनं लिहिलं, सकाळी नऊ ते अकरा, दुपारी दोन ते चार. हत्यारांना धार करून देऊन टाकली. तुमचा फोन आला, मागं दवाखान्याचा गलका होता. "दोनी टेंपर दिले ना?" मी म्हणालो, "दिले."

तिसऱ्या दिवशी पहिलंच हत्यार रोलरवर तुटलं. कुणाला लागलं नाही, पण तुटका तुकडा खाचेत अडकून रोलरचा तो भाग उखडला. दुसरं लावलं, तेही गेलं. फोरमननं फोनवर मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी परतलात. तुटका तुकडा बोटांत फिरवून बघितलात. दारावरचं खडूचं वाचलंत. घरी जाऊन आलात, परत एकदा वाचलंत. मग म्हणालात, "दत्ता, दोनी टेंपर दिले व्हते ना?"

"दिले, दाजी. दारावर लिवलंय की."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मीही नजर हटवली नाही. मनात म्हणत होतो की हत्यार त्यांनी सैल धरलं असेल, लेथवाला नवखा असेल, तुटायला हजार कारणं असतात. दुसऱ्या सकाळी तुम्ही कारखान्यावर गेलात.

त्यानंतर कारखान्यानं हत्यारं कडक करायचं काम परत दिलं नाही. बातमी पसरली आणि बाकीच्यांचं कामही आटलं. वर्षभरात तुम्ही दोन्ही भट्ट्या विकून टाकल्यात आणि माझ्या दुकानात एमरीपाशी येऊन बसलात. माझी हत्यारं धार करून द्यायला. ज्या माणसाला रंगावरून बाराशे अंश कळत होते, तो कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावत होता. आणि कारखान्याचं लेथचं काम मला येतच राहिलं. यानं तर माझी झोप उडाली. तुम्ही माझं नाव सांगितलं असतं तर माझं काम बंद व्हायला हवं होतं. नाव सांगितलं नाही म्हणावं, तर तिथं सांगितलं तरी काय? काहीतरी राखून ठेवलंय, योग्य वेळी बाहेर काढणार, असं मी धरून चाललो.

तुमच्या प्रत्येक चांगुलपणामागं मी ती वेळ शोधली. माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही दिवसभर वाढपात उभे होतात, तेव्हा मला वाटलं, आज सगळ्या पाहुण्यांत काढणार. माझा हात लेथच्या फिरत्या चकमध्ये सापडला तेव्हा बीडपर्यंत जीपमध्ये तुम्ही तो उंच धरून बसला होतात. शर्ट माझ्या रक्तानं भिजला होता. मला वाटलं, आता विचारतील, आता मला पळता येत नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "लई दुखतंय का?" मी डोळे मिटून घेतले. दुखण्यानं नाही, भीतीनं.

आणि शेवटी शेवटी मी चिडलोच होतो तुमच्यावर. एकदा काहीच कारण नसताना तुम्हाला म्हणालो, "काय बोलायचं असल तर बोला की एकदा." तुम्ही एमरी बंद केलीत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "ह्या टूलचा कोन जरा जास्त झालाय तुझा. आण, मी काढतो." काल मी ते टूल स्वतः धार करायला घेतलं. तीनदा केलं. तुमच्यासारखं कापत नाही.

तुमच्या दहाव्यानंतर फोरमन भेटायला आला. आता निवृत्त झालाय, काठी घेऊन चालतो. अक्का आत होती. तो माझ्याजवळ बसला आणि आपणहून बोलायला लागला. मी विचारलंही नव्हतं.

"तुमच्या दाजीसारखा माणूस पाह्यला न्हाई मी. त्या रोलरच्या वख्ताला माझ्या टेबलापुढं उभं राहून म्हणले, दोन टेंपर राहिले, चूक माझी हाय, आई पडली त्या घाईत एकावरच दिली हत्यारं. मी म्हणलं, हत्यारं तर तुमच्या मेव्हण्यानं दिली. तर म्हणले, त्याला यातलं काय माहीत न्हाई. त्याचं लेथकाम चोख हाय, तेवढं बंद करू नका."

तो आणखी काय काय बोलत होता ते माझ्या कानात गेलं नाही. दोन टेंपर राहिले. एक नाही, भट्टीत बिघाड नाही, लोखंड खराब नाही. दोन. हे या जगात फक्त मला माहीत होतं, असं मी नऊ वर्षं समजत होतो. त्या एका सकाळी तुम्ही तुमचं नाव माझ्या जागी ठेवून आला होतात, आणि जेवून हात धुतले होते.

फोरमन गेल्यावर मी अक्काकडं गेलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. कानस, नेकनूर, खडू, सगळं. तिनं सूप थांबवलं नाही.

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

"दाजी बोलले तुला?"

"मीच त्यांला बोलले. त्या दुपारी मी दळण घेऊन गिरणीवर गेलते. बारा वाजल्यापासून लाईट न्हाई म्हणून तसंच वापस आणलं. पार दिवस बुडायला आली लाईट. हे धर्मापुरीहून आले, घरी येऊन मला विचारलं, त्या दुपारी लाईट व्हती का गं. मी म्हणलं न्हाई. तसेच परत दुकानाकडं गेले."

दुपारी दोन ते चार, असं मी माझ्या हातानं लिहिलं होतं. मी नेकनूरला होतो, वीज गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं. विजेच्या भट्टीची ती वेळ खोटी, तर सकाळचीही खोटीच, हे तुटका तुकडा बघितलेल्या तुम्हाला कळायला वेळ लागला नसणार. मी अक्काला म्हणालो, "मग नऊ वर्षं तुमी दोघं गप कावून बसले? मला धरून विचारायचं तरी एकदा."

आता तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. तुम्ही गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

"मी म्हणलं त्यांला, विचारा परत एकदा. तर म्हणले, एकदा विचारलं, त्यो खोटं बोलला. परत विचारलं तर परत बोलल. दोनदा खोटं बोललेल्या माणसाशेजारी मला बसता यायचं न्हाई, म्हणले. आन मला तर त्याच्याशेजारी बसायचंय."

दाजी, तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं. परत विचारलं असतंत तर मी परत "दिले" असंच म्हणालो असतो.